शेजारी हसतात, तेव्हा आपण काय करावे?

वाचक भगिनीचे पत्र: मी मूळची सोलापूरची. सहा वर्षांपूर्वी आम्ही लेस्टरला आलो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज जोडपे राहते. धाकटीच्या वेळी आई येईपर्यंत माझे सगळे त्यांनीच केले. दर शनिवारी संध्याकाळी ते आम्हाला घरी बोलावतात आणि १९६०च्या दशकातले इंग्लिश विनोदी चित्रपट लावतात. ते दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. मला निम्मे कळत नाही आणि कळते त्यातले काही बोचते. गेल्या महिन्यात त्यांनी ‘खास तुमच्यासाठी, भारतावरचा’ म्हणून ‘कॅरी ऑन अप द खैबर’ लावला. गोऱ्या नटांनी तोंडाला तपकिरी रंग फासून आपली माणसे उभी केली होती. मी कसनुशी हसले आणि नंतर त्या हसण्याचेच वाईट वाटत राहिले. चॅप्लिन मला लहानपणापासून आवडतो, मग यातले काहीच का भावत नाही? हे चित्रपट आता शिळे झाले का? शेजाऱ्यांना काय सांगू? आणि नऊ वर्षांच्या मुलाला हे पाहू द्यावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, विनोद कळत नाही ही; आणि दुसरी, कळलेला विनोद लागतो ही. पहिलीवर उपाय आहे, आणि तो सोपाही आहे. दुसरीवर उपाय शोधायची गरज नाही, कारण तुम्हाला जे लागले ते लागण्यासारखेच होते. मात्र या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तर न कळलेल्या चांगल्या चित्रपटांवरही तुम्ही त्या एका संध्याकाळचा राग काढाल, आणि तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणून आधी पहिल्या अडचणीकडे वळते.

चॅप्लिन तुम्हाला लहानपणापासून कळला, कारण त्याचे सगळे बोलणे शरीराचे होते. सोलापुरातल्या मुलीला आणि सोव्हिएत रशियातल्या मुलाला तो सारखाच कळत होता. १९६०च्या दशकातल्या इंग्लिश विनोदाचे घराणे निराळे आहे. तो बराचसा रेडिओवर वाढला. पीटर सेलर्स या विनोदी नटाला सगळ्या देशाने आधी ऐकले ते १९५१ ते १९६० या काळात बीबीसीवर चाललेल्या ‘द गून शो’मध्ये. केनेथ विल्यम्स आणि सिड जेम्स हे ‘कॅरी ऑन’ या चित्रपटमालिकेचे दोन आधारस्तंभ, तेही टोनी हॅन्कॉक या विनोदी नटाच्या रेडिओ कार्यक्रमातून घराघरात पोचले होते. या लोकांचा विनोद कानाने घ्यायचा असतो, आणि त्या कानाला शब्दांच्या आधी ऐकू येतो तो बोलणाऱ्याचा दर्जा. इंग्लंडमध्ये त्या काळी माणसाने दोन वाक्ये उच्चारली की त्याचे घर, शाळा आणि बापाचा धंदा समोरच्याला कळत असे. तुमच्या शेजाऱ्यांना हे ज्ञान पाळण्यात मिळाले आहे. तुम्ही इंग्रजी शिकलात शाळेत आणि वापरता कार्यालयात, त्यामुळे तुम्हाला वाक्याचा अर्थ कळतो, पण ते वाक्य कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीकडे टाकले गेले आहे हे ऐकू येत नाही. आणि विनोद नेमका त्या पायऱ्यांमध्ये असतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पुढच्या शनिवारी विनोदी वाक्यांच्या मागे धावू नका. प्रत्येक प्रसंगात एवढेच पाहा की कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, कोण कोणाला ‘सर’ म्हणतो आहे, आणि त्या ‘सर’मध्ये आदर किती व तिरस्कार किती. या दशकातल्या बहुतेक चांगल्या इंग्लिश विनोदी चित्रपटांचा विषय हाच आहे. वरच्याने वर का असावे, आणि खालच्याने ते किती दिवस चालवून घ्यावे, हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारतात.

हा प्रश्न त्याच वेळी का उफाळून आला, याला कारणे आहेत. महायुद्धात आणि नंतरच्या सक्तीच्या लष्करी सेवेत सगळ्या थरांतली तरुण मुले एकाच बरॅकमध्ये झोपली आणि एकाच सार्जंटच्या शिव्या खाऊन बाहेर पडली. ‘कॅरी ऑन’ मालिकेचा १९५८ मधला पहिलाच चित्रपट याच बरॅकमध्ये घडतो. या सेवेत नवी भरती १९६० मध्ये थांबली आणि शेवटचे तरुण १९६३ मध्ये घरी परतले. १९४४च्या शिक्षण कायद्याने कामगारांची हुशार मुले चांगल्या शाळांमध्ये गेली आणि १९६०च्या सुमारास तीच लिहू लागली, अभिनय करू लागली. ज्यांना आपण पडद्यावर अस्सल खानदानी समजतो, त्यांची घरे पाहा. दातांमधली फट दाखवत उमरावी मिजाशीत बोलणारा टेरी-थॉमस हा फिंचलीच्या साध्या मध्यमवर्गीय घरातला. नाक वर करून प्रत्येक अक्षर चावून बोलणारा केनेथ विल्यम्स हा लंडनमधल्या एका केशकर्तनकाराचा मुलगा. आणि लंडनच्या गल्लीतला अर्क वाटणारा सिड जेम्स तर जन्माने दक्षिण आफ्रिकेचा. या माणसांनी ते उच्चार बाहेरून, लक्ष देऊन, कधी पोटासाठी आणि कधी सूड म्हणून उचलले होते. त्यांच्या आवाजात जी धार आहे ती या निरीक्षणाची आहे.

आता कुठून सुरुवात करावी ते सांगते. ‘कॅरी ऑन’पासून करू नका. सुरुवात १९६० च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’पासून करा. रॉबर्ट हेमर यांचे दिग्दर्शन आहे, चित्रपट काळापांढरा आहे आणि दीड तासात संपतो. हेन्री पाल्फ्रे नावाचा भला तरुण एका मुलीला जेवायला नेतो. त्याने टेबल राखून ठेवायला सांगितलेले असते, पण मुख्य वेटर त्याच्याकडे पाहतही नाही. तेवढ्यात टेरी-थॉमसने रंगवलेला डेलॉने येतो आणि त्याच्यासाठी सगळे दरवाजे आपोआप उघडतात. पुढे टेनिसच्या मैदानावर हाच डेलॉने पाल्फ्रेला हरवतो, पण हरवण्यापेक्षा प्रत्येक गुणानंतर तो ज्या गोडीने त्याची कीव करतो, ती गोडी जीवघेणी आहे. एकही शिवी नाही, आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर हसू आहे, आणि समोरचा माणूस इंचाइंचाने लहान होत चालला आहे. मग पाल्फ्रे एका विचित्र महाविद्यालयात ‘वरचढ कसे राहावे’ याचे रीतसर शिक्षण घेतो आणि तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर येतो. हे दोन सामने ओळीने पाहिलेत की इंग्लिश विनोदाचे अर्धे व्याकरण हाती येईल. वेटरने दुर्लक्ष केल्याचा तो डंख ओळखायला लेस्टरमध्ये जन्मावे लागत नाही. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला तर तो अधिकच ओळखता येतो.

त्यानंतर ‘आय अ‍ॅम ऑल राइट जॅक’ पाहा. तो १९५९चा आहे, म्हणजे दशकाच्या उंबरठ्यावरचा, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला एक भाबडा तरुण काकाच्या कारखान्यात साधा कामगार म्हणून लागतो आणि कष्टाने, भराभर काम करतो. त्याचा तो वेग वेळमापन करणाऱ्या माणसाच्या नजरेस येतो, त्यामुळे सगळ्यांचेच कामाचे प्रमाण वाढणार असे दिसू लागते आणि संप होतो. सेलर्सने यात फ्रेड काइट हा कामगारपुढारी केला आणि त्यासाठी त्याला ब्रिटिश चित्रपट अकादमीचा सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. काइट मोठमोठे शब्द वापरतो आणि थोडे चुकीचे वापरतो. सोव्हिएत देशाचे नाव निघाले की त्याला गव्हाची शेते आणि संध्याकाळचे बॅले नृत्य दिसू लागते. चित्रपट मालक आणि कामगार या दोघांवरही कोरडे ओढतो. माझ्या मते कामगारांच्या वाट्याला ते जरा जास्त आले आहेत, आणि त्या बाबतीत लेखकांशी माझे जमत नाही. पण बायको रुसून निघून गेल्यावर घरकामाने हैराण झालेला काइट पाहा. घोषणा देणारा हा माणूस किती एकटा आहे, हे सेलर्स एकही केविलवाणा हावभाव न करता दाखवतो. हसता हसता घसा दाटून यावा असा तो भाग आहे.

माझा सगळ्यात आवडता चित्रपट मात्र १९६७चा ‘बीडॅझल्ड’. लेखन पीटर कुकचे, आणि प्रमुख भूमिकांत कुक व डडली मूर. मूरने केलेला स्टॅनली हा हॅम्बर्गरच्या एका दुकानात काम करणारा, प्रेमात हरलेला तरुण. कुक हा सैतान, आणि तो स्टॅनलीचा आत्मा सात इच्छांच्या बदल्यात विकत घेतो. हा सैतान आगी लावत नाही. तो रहस्यकथांची शेवटची पाने फाडून ठेवतो, अशा फुटकळ खोड्यांत त्याचा दिवस जातो. एका प्रसंगात स्टॅनली त्याला विचारतो की देवाशी तुझे बिनसले तरी कशावरून. सैतान रस्त्याकडेच्या लाल टपालपेटीवर चढून बसतो आणि म्हणतो, समज मी देव आहे, तू माझ्याभोवती नाच आणि माझी स्तुती कर. स्टॅनली नाचू लागतो. तू थोर आहेस, तू सुंदर आहेस, असे म्हणत फेऱ्या मारतो. थोड्या वेळाने त्याचा दम लागतो, विशेषणेही संपतात, आणि तो सहज विचारतो की आता जरा जागा बदलूया का. सैतान म्हणतो, मलाही अगदी असेच वाटले होते. एवढाच प्रसंग आहे. पण एक पेटी, एक बसलेला आणि एक फिरणारा, एवढ्या सामग्रीत स्वर्गातले बंड आणि इंग्लंडमधली वर्गव्यवस्था हे दोन्ही सांगून होते. कोण बसले आहे ते पाहा असे मी म्हणाले ते यासाठीच. हा प्रसंग दोनदा पाहा. दुसऱ्यांदा फक्त कुककडे पाहा, कारण बसलेल्या माणसाने काहीही न करणे हाच तिथे अभिनय आहे.

याच ओळीत ‘अ हार्ड डेज नाइट’ येतो. १९६४ मध्ये रिचर्ड लेस्टर यांनी बीटल्सना घेऊन केलेला हा चित्रपट गाण्यांसाठी ओळखला जातो, पण तो पक्का विनोदी चित्रपट आहे. आगगाडीच्या डब्यात एक प्रतिष्ठित गृहस्थ येऊन बसतात, कोणाला न विचारता खिडकी लावतात, मुलांचा रेडिओ बंद करतात आणि आपण या गाडीचे नेहमीचे प्रवासी असल्याचे सुनावतात. तुमच्यासारख्यांसाठी मी युद्ध लढलो, असे ते म्हणताच रिंगो उत्तरतो की जिंकल्याचा आता पश्चात्ताप होत असेल. तुमचे शेजारी तेव्हा शाळकरी वयाचे असतील. मोठ्यांना असे उत्तर देता येते, हे त्यांनी त्या वर्षी चित्रपटगृहात बसून पहिल्यांदा ऐकले असेल, तर साठ वर्षांनंतरही त्यांना ते हसू येणे स्वाभाविक आहे. त्यांना जरूर विचारा.

आता खैबरकडे येते.

‘कॅरी ऑन अप द खैबर’ १९६८चा. त्यातली एकही मुख्य भारतीय व्यक्तिरेखा भारतीय नटाकडे नाही. केनेथ विल्यम्स संस्थानिक झाला आहे आणि बर्नार्ड ब्रेसलॉ टोळीवाला. त्यांची नावे इंग्रजी बोलीतल्या शौचालयावरच्या आणि तसल्याच कोट्यांवरून घडवलेली आहेत. खैबरखिंडीचे चित्रण वेल्समधल्या स्नोडोनियाच्या डोंगरात झाले आणि बाकीचे पाइनवुड स्टुडिओत. आपला देश त्यांना केवळ पडदा म्हणून हवा होता. त्या काळी सगळेच असे करत, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये हजारो भारतीय आणि पाकिस्तानी कामगार राहत होते, तुमच्या लेस्टरच्या गिरण्यांतही होते, आणि पडद्यावरचा तो रंग व ती नक्कल दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांच्या तोंडावर फेकली जात असे. तुम्हाला बोचले ते बरोबर बोचले. त्यात हळवेपणा नाही.

असे असूनही त्या चित्रपटातले एक दृश्य मी तुम्हाला पुन्हा पाहायला सांगणार आहे, कारण पहिल्या खेपेस राग आलेला असताना ते नीट दिसले नसणार. शेवटी गव्हर्नरच्या बंगल्यावर तोफा डागल्या जात असतात आणि आत मेजवानी चाललेली असते. छताचा गिलावा ताटात पडतो, भिंती हादरतात, वाद्यवृंद वाजवत राहतो, आणि साहेब व मडमा सूप पितात, हवापाण्याच्या गप्पा मारतात, केसांवरचा चुना झटकतात. टेबलाभोवती एकच माणूस भीतीने थरथरत असतो, तो म्हणजे पीटर बटरवर्थने केलेला धर्मोपदेशक, आणि शहाणा तेवढा तोच आहे. या दृश्यात हसे होते ते टोळीवाल्यांचे नाही. घर कोसळत असताना काट्याचमच्यांचे शिष्टाचार पाळणाऱ्या राज्यकर्त्यांचे हसे होते. वर्ष लक्षात घ्या. १९६७च्या नोव्हेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले होते. १९६८च्या जानेवारीत सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ मोडीत काढण्याची घोषणा झाली होती. त्याच महिन्यात सर्बिटनच्या पाच टंकलेखिकांनी देशासाठी रोज अर्धा तास फुकट काम करण्याची मोहीम सुरू केली होती आणि तिचे घोषवाक्य चित्रपटाच्या शेवटी झेंड्यावर फडकताना दिसते. साम्राज्य गेल्याचे ज्यांना अजून पुरते कबूल नव्हते, त्यांना त्या जेवणाच्या टेबलावर स्वतःचा चेहरा दिसला. हे दृश्य चांगले आहे म्हणून चेहऱ्याचा तपकिरी रंग धुऊन निघत नाही, आणि तो रंग आहे म्हणून हे दृश्य वाईट ठरत नाही. दोन्ही मते एकाच वेळी बाळगण्याची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

या नकलेची मुळे आपल्या फार जवळ आहेत, म्हणून थोडे सांगते. सेलर्स युद्धकाळात हवाईदलाच्या करमणूक पथकाबरोबर भारतात फिरला होता. १९६० च्या ‘द मिलियनेअरेस’मध्ये सोफिया लॉरेनसमोर त्याने केलेला भारतीय डॉक्टर आणि त्या निमित्ताने निघालेले ‘गुडनेस ग्रेशस मी’ हे गाणे ब्रिटनमध्ये इतके गाजले की तिथल्या भारतीय मुलांना पुढे कित्येक वर्षे त्याच चालीत चिडवले गेले. ‘द गून शो’ प्रामुख्याने ज्याने लिहिला तो स्पाइक मिलिगन तर १९१८ मध्ये आपल्या नगरला जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत असल्यामुळे त्याच्या बालपणाचा मोठा भाग पुण्यात गेला. इतके असूनही १९६९ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर चेहरा रंगवून पाकिस्तानी कामगार केला, आणि ती मालिका तक्रारींमुळे सहा भागांतच बंद करावी लागली. नगरच्या मातीत जन्मल्याने माणसाला आपली बाजू कळतेच असे नाही. याचे खरे उत्तर दिले ते ब्रिटनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांनी. मीरा स्याल, संजीव भास्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी सेलर्सच्या त्या गाण्याचेच नाव आपल्या विनोदी कार्यक्रमाला दिले. १९९८ मध्ये तो बीबीसीच्या पडद्यावर आला, आणि त्यातली भारतीय मंडळी मुंबईत इंग्लिश खाणावळीत जाऊन तिथल्या वेटरला जसे वागवतात, ते पाहून कित्येक इंग्रजांना भारतीय खाणावळीतली शुक्रवार रात्रीची आपली वागणूक आठवली असेल.

तुमच्या शेजाऱ्यांशी बोलण्याचा मार्ग मला इथेच दिसतो. त्यांनी तो चित्रपट लावला तो प्रेमाने, तुमचा देश त्यात आहे एवढ्याच भावनेने. अशा माणसांना गप्प राहून दूर लोटणे हा त्यांच्यावर अन्याय होईल, आणि खोटे हसत राहणे हा तुमच्यावर. चहाच्या वेळी, चित्रपट चालू नसताना, शांतपणे सांगा की बाकीचे पाहायला आवडते, पण त्या रंगवलेल्या चेहऱ्यांचा त्रास झाला, कारण तशी नक्कल आपल्या माणसांना रस्त्यावर सोसावी लागली आहे. स्पष्टीकरण लांबवू नका आणि माफीची अपेक्षाही ठेवू नका. त्यांना थोडे ओशाळल्यासारखे होईल, ते होऊ द्या. ज्या बाईने बाळंतपणात तुमचे केले, तिला एवढे सत्य झेपेल. मग पुढच्या शनिवारी त्या दोघांना तुमच्या घरी बोलवा, थालीपीठ करा आणि ‘गुडनेस ग्रेशस मी’ लावा. त्यांना न कळलेले त्यांनी तुम्हाला विचारावे, अशी एक तरी संध्याकाळ हवी.

तुम्हाला बोचलेले ‘काही’ नेमके काय, हे पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण बायकांवरचे विनोद त्यात असणार असे मी धरून चालते. ‘कॅरी ऑन’ची मुळे समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या चावट चित्रपत्रांत आणि जुन्या म्युझिक हॉलच्या रंगमंचावर आहेत. उघड बोलायला बंदी असल्याने सगळे दुहेरी अर्थाने बोलायचे, ही रीत दादा कोंडके पाहिलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तिथे नाटकांवर लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याचे नियंत्रण थेट १९६८ पर्यंत होते, त्यामुळे शब्दांची ही कसरत मुरलेली आहे आणि तिच्यात कारागिरी आहे. पण कारागिरी आहे म्हणून सगळे गोड मानून घ्यावे असे नाही. १९६९चा ‘कॅरी ऑन कॅम्पिंग’ मला स्वतःला आवडत नाही. पडद्यावर उन्हाळा असला तरी त्याचे चित्रण थंडीच्या तोंडावर झाले, चिखलावर हिरवा रंग मारावा लागला आणि नटमंडळी कुडकुडत होती, ही हकीकत मला त्या चित्रपटापेक्षा अधिक रंजक वाटते. त्याऐवजी १९६३चा ‘कॅरी ऑन कॅबी’ पाहा. सिड जेम्सचा टॅक्सीचा धंदा, नवऱ्याला घरी यायला वेळ नाही, म्हणून त्याची बायको त्याच्या नकळत फक्त बायकांनी चालवलेली टॅक्सी कंपनी काढते आणि त्याला जेरीस आणते. ही बायको हॅटी जॅक्सने केली आहे. इतर चित्रपटांत तिच्या आकारावर हसणाऱ्या याच मंडळींनी इथे तिला पूर्ण माणूस होऊ दिले आहे, आणि ती किती मोठी अभिनेत्री होती ते दिसते.

केनेथ विल्यम्स आणि ‘कॅरी ऑन’मधलाच दुसरा नट चार्ल्स हॉट्री यांच्या बायकी वाटणाऱ्या हावभावांबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. जे बोलले तर तुरुंग होता, ते हे दोघे सगळ्या देशासमोर सुरात, नजरेत आणि भुवईत सांगत होते, आणि देश त्यांच्यावर प्रेम करत होता. हे माहीत असले की त्या भुवया उंचावण्याचे धाडस कळते.

पाहण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगते. इंग्रजी उपशीर्षके बेलाशक लावा. शेजाऱ्यांचे वय पाहता त्यांनाही ती आवडतील. एका बैठकीत एकच चित्रपट पाहा. एखाद्या वाक्याला ते दोघे हसले आणि तुम्हाला कळले नाही, तर लगेच थांबवून विचारू नका, लक्षात ठेवा आणि संपल्यावर विचारा. समजावलेल्या विनोदाला हसू येत नाही हे खरे, पण पुढच्या वेळी तसाच विनोद आला की तो आपसूक कळतो. ‘टॉकिंग पिक्चर्स टीव्ही’ या वाहिनीवर असे चित्रपट सतत लागतात, त्यामुळे विकत घ्यायची गरज नाही. आणि हसून हसून कंटाळा आला की १९६३चा ‘बिली लायर’ पाहा. यॉर्कशरमधल्या एका अंत्यविधीच्या दुकानातला कारकून दिवसभर थापा मारतो आणि मनात स्वतःचे राज्य चालवतो. ज्युली क्रिस्टी हातातली पर्स झुलवत रस्त्याने चालत येते तेव्हा त्या काळ्यापांढऱ्या गावात वारा शिरल्यासारखे वाटते. शेवट सांगत नाही. सोलापूर सोडून लेस्टर गाठलेल्या माणसाला तो कसा वाटतो, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

राहिला तुमचा मुलगा. त्याला खैबर आता दाखवू नका. बारा-तेरा वर्षांचा झाला की तुम्ही शेजारी बसून दाखवा आणि दोन्ही बाजू सांगा. ‘अ हार्ड डेज नाइट’ आजच चालेल. १९६९च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये काही शिव्या आणि एका प्राध्यापकाच्या बाईवेडेपणाचे थिल्लर प्रसंग आहेत, ते तुम्ही आधी पाहून पुढे सरकवा, पण तुरीन शहराच्या वाहतूककोंडीतून जिने, छपरे आणि बोगदे ओलांडत पळणाऱ्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या मिनी गाड्या नऊ वर्षांच्या मुलाने पाहायलाच हव्यात. शेवटी बस कड्यावर अर्धी लटकते, एका टोकाला चोर आणि दुसऱ्या टोकाला सोने, आणि चित्रपट तिथेच संपतो. २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने ते सोने सुखरूप बाहेर कसे काढायचे यावर स्पर्धाच ठेवली होती, आणि हेलिकॉप्टर वापरायला त्यात मनाई होती. मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि शेजारच्या आजोबांना त्याच्याबरोबर बसवा.